नॉर्मल नंबर सात

९ जानेवारी

ही वही भिंगरीनं दिली आणि वर ताकीदही दिली. "लॅबच्या वहीत तू नुसते आकडे लिहितेस. यात माणसांबद्दल लिही. कुणी सापडलं नाही तर माझ्याबद्दल लिही."

भिंगरी माझी धाकटी बहीण. लहानपणी एका जागी टेकायची नाही म्हणून हे नाव पडलं, ते छत्तीस वर्षांची झाली तरी चिकटलेलं आहे. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवते आणि मुलांपेक्षा हिचाच आरडाओरडा जास्त असतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. तीनदा उपचार करून झाले, तीनदा रडून झालं. आता एकदाच आणि शेवटचं, असं तिनं आणि जावईबुवांनी ठरवलंय. जावईबुवा म्हणजे तिचा नवरा. स्वभावानं इतका गरीब की साध्या नावानं हाक मारली तरी दचकतो, म्हणून मी मुद्दाम भारदस्त हाक मारते.

माझ्याबद्दल लिहायचं तर मी आणि माझं एन्झाइम. फुप्फुसात लवचीक धाग्यांचं जाळं असतं, त्यामुळे श्वास आत जातो आणि आपोआप बाहेर येतो. हे एन्झाइम ते धागे कातरतं. जुने धागे कातरायचे, नवे विणायचे, एवढंच त्याचं काम. पण जास्त कातरलं की जाळ्याला भोकं पडतात आणि ती पुन्हा भरत नाहीत. लॅबमध्ये आम्ही सगळे त्याला कात्री म्हणतो. तितकाच धूर घेऊन कित्येक बायकांची फुप्फुसं पुरुषांच्या आधी का झिजतात, हा आमचा प्रश्न. बायकांच्या अंगातलं संप्रेरक, इस्ट्रोजेन, कात्रीला धार लावतं, हे माझं उत्तर. उंदरांच्या माद्यांत ते मी तीन वर्षं घासून दाखवलंय.

आज आमच्या लॅबच्या सरांनी खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "उंदरांचं पुरे झालं. आता बायकांचं दाखवा. नाहीतर या शोधनिबंधाला कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही." घरी येताना डोकं नुसतं भणभणत होतं.

१६ जानेवारी

बायकांचं फुप्फुस कापून तर आणता येत नाही. म्हणून असं ठरलं: उंदराच्या फुप्फुसाचे कागदाहून पातळ काप करायचे, ते बशीत जिवंत ठेवायचे, आणि त्यावर बायकांच्या रक्तातलं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, घालायचं. ज्या बाईच्या रक्तात इस्ट्रोजेन जास्त, तिच्या बशीत कात्री जास्त चालायला हवी.

त्यासाठी नॉर्मल बायका हव्यात. कुठल्याही लॅबमध्ये नॉर्मल म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायची सोय नाही. परवानगीचा कागद तयार ठेवायचा आणि दारावरून जाईल तिला धरायचं. नकार देता येणार नाही अशी बाई म्हणजे नॉर्मल. "काही त्रास आहे का?" विचारायचं, ती "नाही" म्हणाली की बाही वर करायला सांगायची. स्वागतकक्षातली बाई नंबर एक, हिशेब विभागातल्या दोघी दोन आणि चार, प्राण्यांच्या खोलीतली बाई पाच, सरांची बायको सहा. तिसरी मी स्वतः. आमच्या आकडेबाई, म्हणजे आकडेमोड तपासणाऱ्या विदुषी, सुईला भितात म्हणून सुटल्या.

आज भिंगरीला फोनवर हे सांगत होते आणि मध्येच माझी मीच थांबले. भिंगरीला पुढच्या महिन्यात मूल राहण्यासाठीची इंजेक्शनं सुरू होणार. पंधरवड्यात तिचं इस्ट्रोजेन इतकं चढणार की एरवी कुठल्या बाईत ते दिसायचं नाही. एकच बाई, तेच रक्त, आधी कमी आणि मग भरपूर. असा नमुना मिळायला लोक देव पाण्यात घालून बसतात आणि माझ्या घरात तो फिरतोय!

"घे की," ती म्हणाली. "तिकडे रोज टोचणारच आहेत. त्यात तुझी एक."

२८ जानेवारी

भिंगरीचं पहिलं रक्त घेतलं. नॉर्मल नंबर सात.

नियमाप्रमाणे सगळं विचारलं. सिगरेट? "छे." दमा? "छे." श्वासाचा काही त्रास? "जिन्यावर लागतो दम. तो तर तुलाही लागतो, म्हातारे." हसून हसून दोघींची पुरेवाट झाली. मी 'नाही' लिहिलं.

नळ्या पर्समध्ये टाकल्या आणि लॅबला निघणार तेवढ्यात तिला बाजारात जायचं होतं. खेळाच्या सामानाच्या दुकानात तिनं लहान मुलाचा पोहण्याचा चष्मा घेतला. निळा, माझ्या दोन बोटांत मावेल एवढा. मी म्हटलं, "अगं, अजून कशात काही नाही." तर म्हणे, "असू दे. कुणी पाहिलं तर तलावावरच्या मुलांसाठी घेतला म्हणेन." दुकानदाराशी बोलताना दोनदा खोकली. कडक ऊन होतं. लॅबला पोचेपर्यंत नळ्या चांगल्या कोमट झाल्या होत्या आणि मी स्वतःवरच चिडले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

४ फेब्रुवारी

परवा पहिले निकाल आले. आमची तपासणी दिसायला मोठी छान असते. जिलेटिनचा पातळ तक्ता, त्यात प्रत्येक बाईच्या बशीतल्या पाण्याला एक रांग. तो रात्रभर उबेत ठेवायचा, मग निळ्या रंगात बुडवायचा. सगळा तक्ता शाईसारखा निळा होतो. फक्त जिथे कात्रीनं जिलेटिन खाल्लं तिथे रंग धरत नाही, पांढरी पट्टी राहते. जितकी पांढरी, तितकी कात्री तेज.

एक ते सहा, सगळ्यांच्या पट्ट्या पुसट. माझीही, या वयात आणखी काय असणार! आणि सातव्या रांगेत खिडकी उघडी राहावी तशी लख्ख पांढरी पट्टी. इंजेक्शनांच्या आधीचं रक्त! इस्ट्रोजेन तळाला असलेलं!

आधी वाटलं मीच काहीतरी दुप्पट घातलं. नळीत उरलेल्या सीरमवर पुन्हा केलं. आज पुन्हा तेच.

मग कापाकडे गेले. भिंगरीच्या बशीतला काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जाळं जागोजाग उसवलेलं, भोकं गोल आणि मोठी. कापताना पातं बोथट असलं की असं होतं. पातं बदलायला सांगितलं.

आकडेबाई शेजारी येऊन उभ्या. त्यांना बोलावं लागत नाही, त्या येतातच. "पुन्हा रक्त घ्या ना तिचं."

"तिला आता पुष्कळ सुया टोचायच्या आहेत. शिवाय कारण मला माहीत आहे. नळी दोन तास पर्समध्ये उन्हात होती."

"आणि समजा नळी खराब झाली नसेल तर?"

"तर काय?"

"तर नॉर्मल नॉर्मल नसेल."

मला इतका राग आला! म्हटलं, "माझी बहीण आहे ती. तलावाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका श्वासात पाण्याखालून जाते. तुम्ही मजला चढून आलात तरी खुर्ची शोधता." नळी, काप, सगळं कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकलं. नंबर सातचं पहिलं रक्त बाद, कारण: उष्णता.

मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण ती आकडेबाईंच्या बोलण्यामुळे. त्यांचं तोंडच तसलं आहे.

१७ फेब्रुवारी

रविवार म्हणून तलावावर गेले. मुलांचा वर्ग संपला होता. आकडेबाईंचं डोक्यातून जात नव्हतं म्हणून भिंगरीला म्हटलं, "ती तुझी पाण्याखालची फेरी मारून दाखव बघू."

तिनं सूर मारला. मी काठानं चालत निघाले, नेहमी चालते तशी. पाण्याखाली तिची लाल टोपी सरळ जात होती आणि अर्ध्यावर ती एकदम वर आली. भिंतीपर्यंत नाही, मध्येच. तोंड उघडं, डोळे मोठे. काठ गाठायलाही तिला वेळ लागला.

"काय झालं?"

"मजा गेली," ती धापा टाकत म्हणाली. "हल्ली अर्ध्यातच जीव घाबरा होतो. वय झालं, ताई. आणि सराव तरी कुठे आहे? मुलांच्या मागे फिरण्यातच दिवस जातो."

ते पटण्यासारखं होतं. जावईबुवा टॉवेल घेऊन उभे होते. ते हळूच मला म्हणाले, "डिसेंबरपासून असंच आहे. मी डॉक्टरांकडे चल म्हणतो, तर ती म्हणते ताईला कळतं त्यातलं, ताई काही म्हणाली का?"

मी म्हटलं, "पोरगी टेन्शनमध्ये आहे हो. शेवटचा प्रयत्न म्हटल्यावर कुणाचाही श्वास अडकेल." त्यांचा जीव भांड्यात पडला. चांगला माणूस आहे, कुणीही समजूत काढली की समजतो.

२५ फेब्रुवारी

इंजेक्शनं सुरू झाली. रोज संध्याकाळी पोटात टोचायची. जावईबुवांचे हात थरथरतात म्हणून मी जाते. भिंगरी डोळे मिटून चेष्टा करते, "मारा, कात्रीला धार लावा." माझीच शिकवणी तोंडपाठ आहे तिला.

८ मार्च

आज दुसरं रक्त घेतलं. यावेळी बर्फाचा डबा घेऊन गेले, नळी क्षणभरही बाहेर ठेवली नाही.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. भिंगरी दुसऱ्या वळणावर कठड्याला धरून थांबली. ओठ मला जरा निळसर वाटले, पण जिन्यातला दिवाही पांढराफटक होता. एक बाई पिशवी घेऊन आमच्या बाजूनं वर गेली, साठीची तरी असेल.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "इंजेक्शनांनी पोटात पाणी धरलंय, त्यानं धाप लागते. होतं असं." बघा, कारण सापडलं. कारण सापडलं की मला फार बरं वाटतं.

१३ मार्च

आज लॅबमध्ये मी नाचायचीच बाकी होते. नंबर सातची पट्टी अशी पांढरी की तक्त्याच्या पलीकडची माझी बोटं दिसावीत! आलेखावर सगळे ठिपके खाली डावीकडे घोळका करून आणि भिंगरी एकटी वर उजवीकडे. मधून रेषा काढली ती सुतासारखी सरळ आली. इस्ट्रोजेन चढलं, कात्री चढली. तीन वर्षं उंदरांच्या मागे नाकी नऊ आले ते आज फळाला आलं.

सरांनी स्वतः चहा मागवला, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

आकडेबाई कागद हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. "सात काढली तर रेषा आडवी होते," त्या म्हणाल्या. "तुमचा सगळा निबंध एका बाईच्या अंगावर उभा आहे."

"बाई भक्कम आहे," मी म्हटलं. सरसुद्धा हसले.

त्या हसल्या नाहीत. "आणि तिचं आधीचं रक्त असतं हाताशी तर..." म्हणाल्या आणि वाक्य तसंच सोडून गेल्या. अर्धवट वाक्यं टाकून जाण्याची ही सवय मला मुळीच आवडत नाही.

कापाला याही वेळी भोकं होती. पातं नवीन होतं. पण इतकी कात्री चालल्यावर भोकं पडणारच, तेच तर आम्हाला दाखवायचं आहे. फोटो निबंधाला लावणार आहे.

३० मार्च

राहिलं! राहिलं! राहिलं!

भिंगरीनं फोनवर एवढंच सांगितलं आणि मग दोघी नुसत्या रडलो. जावईबुवा मागून "हळू, हळू" म्हणत होते, कुणाला ते कळलं नाही. मी लॅबमधून सरळ तिच्याकडे गेले. तो निळा चष्मा तिनं आरशाच्या खिळ्याला टांगलाय. आमच्या घरात इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

२१ एप्रिल

भिंगरी माझ्याकडे राहायला आली. तलावावरून सुट्टी घेतलीय, कारण शिट्टी वाजवायला दम पुरत नाही. हे तिनं इतकं हसत सांगितलं की मीही हसले.

आडवं पडलं की खोकला येतो, म्हणून उशा रचून झोपते. उजव्या खांद्यात आणि बरगडीखाली अधूनमधून टोचतं. मी म्हटलं, गरोदरपणात दम लागतोच, कुठल्याही बाईला विचार. मग माझं नेहमीचं व्याख्यान दिलं: आता इस्ट्रोजेन इंजेक्शनांच्याही वर जाणार, आठवड्या-आठवड्यानं चढत जाणार, शेवटी तर विचारूच नकोस.

"मग माझी कात्री?" तिनं विचारलं.

"तुझी कात्री नॉर्मल आहे. तू माझी नॉर्मल नंबर सात आहेस."

"असं कुणी लिहून देतं का? फ्रेम करून लावते."

ती झोपल्यावर दार लोटायला गेले तर श्वासाचा आवाज येत होता. बारीक, कागद चुरगाळल्यासारखा. सर्दी असेल. उद्या वाफ घ्यायला सांगते.

३ मे

निबंध पाठवला. भिंगरीचे आभार मानता येत नाहीत, नॉर्मल लोकांची नावं छापत नाहीत. ती परत घरी गेलीय. फोनवर बोलताना वाक्याच्या मध्ये थांबते. पूर्वी हिला थांबवावं लागायचं.

१४ मे

सकाळी जावईबुवांचा फोन. केस विंचरताना उजव्या छातीत काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि तिला श्वासच घेता येईना. मी पोचले तेव्हा तिच्या बरगड्यांतून नळी घातलेली होती. फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर आली आणि ते फुप्फुस मिटून गेलं, असं कुणीतरी घाईत सांगितलं. बाळ ठीक आहे. जावईबुवांच्या हातात कंगवा होता, तो त्यांनी दुपारपर्यंत खाली ठेवला नाही.

मी काहीच लिहू शकत नाही.

१५ मे

पोटावर जाड आच्छादन घालून छातीचा स्कॅन केला. छातीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवलं. माणूस शांत, सावकाश बोलणारा.

दोन्ही फुप्फुसं भोकांनी भरलेली होती. गोल, पातळ भिंतींची, एकाला एक लागून. जावईबुवांना काही कळलं नाही. मला कळायला एक क्षणही लागला नाही, कारण हे चित्र मी पाहिलेलं होतं. फेब्रुवारीत, माझ्या टेबलावर, बोथट पात्यानं कापलेल्या तुकड्यात.

डॉक्टर जावईबुवांना समजावत होते. हा फार विरळा आजार. लाखो बायकांत एखादीला, तोही बहुधा ऐन तारुण्यात. फुप्फुसात नको त्या पेशी वाढतात आणि आजूबाजूचं जाळं खाणारं एन्झाइम सोडत राहतात. इस्ट्रोजेन मिळालं की त्यांना चेव येतो. मी मान खाली घालून ऐकत होते. हे व्याख्यान मी सरांसमोर, पाहुण्यांसमोर, भिंगरीसमोर शंभरदा दिलंय.

"हळूहळू वाढलं असतं," ते म्हणाले. "इंजेक्शनांनी आणि आता गरोदरपणानं जोर धरला. यावर औषध आहे, पण गरोदरपणात ते देणं अवघड. आधी कळलं असतं तर या उपचारांना कुणी हात लावू दिला नसता. इंजेक्शनांपूर्वीची रक्ताची, छातीची, कसली तरी तपासणी आहे का?"

जावईबुवांनी माझ्याकडे पाहिलं. घरात यातलं कळणारी मी.

"नाही," मी म्हटलं. तोंडातून तेच आलं. खरं तर ते खोटंही नव्हतं. मी ती स्वतःच्या हातानं लाल पिशवीत टाकली होती.

१७ मे

लॅबला गेले. सरांना सांगितलं. ते खरोखर हळहळले, पाणी दिलं, रजा घ्या म्हणाले. मग दारापर्यंत आल्यावर म्हणाले, "एक बघा, सात नंबर आता नॉर्मलमध्ये ठेवता येणार नाही. निबंध मागे घ्यावा लागेल." मी म्हटलं, घ्या. मला वाटलं होतं वाईट वाटेल. काहीच वाटलं नाही.

आकडेबाई जिन्यात भेटल्या. मला वाटलं आता म्हणतील, मी सांगत होते. त्यांनी नुसती माझ्या हातातली पिशवी घेतली आणि रस्त्यापर्यंत चालत आल्या. ते फार जड गेलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी डॉक्टरांना गाठलं आणि खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "आता त्याचा उपयोग तिला ठरवायला होईल तेवढाच," म्हणाले. "गर्भ राहू दिला तर पुढे काय होईल याची हमी मी देत नाही. काही बायका निभावतात. हिचं आत्ताच एक फुप्फुस मिटलंय. या आठवड्यात ठरवावं लागेल."

१९ मे

जावईबुवांना आंघोळीला घरी पाठवलं आणि भिंगरीजवळ बसले. ती उशांना टेकून होती. छातीतली नळी पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत जाते, तिनं श्वास सोडला की बाटलीत बुडबुडे येतात. सलाइनच्या खांबाला तो निळा चष्मा टांगलेला. जावईबुवांचं काम, दुसरं काय.

"ताई, डॉक्टर म्हणतात ठेवलं तर असं, नाही ठेवलं तर तसं. मला ते असं-तसं कळत नाही. तू सांग. तुला कळतं."

तुला कळतं, तुला कळतं. लहानपणापासून ही माझ्याकडे बघून रस्ता ओलांडते.

मी सांगितलं. काही मागे ठेवलं नाही. "जानेवारीतलं तुझं रक्त माझ्याकडे होतं. इंजेक्शनांच्या आधीचं. त्यात हे दिसलं होतं, दोनदा दिसलं. मला वाटलं नळी उन्हानं खराब झाली. मी फेकून दिली. पुन्हा रक्त घ्या म्हणून सांगणारं माणूस शेजारी उभं होतं, मी त्यांच्यावर खेकसले."

मी बाटलीकडे बघत राहिले, तिच्याकडे बघायचा धीर होईना.

"तेव्हा कळलं असतं तर?"

"तर इंजेक्शनं दिलीच नसती. कुठल्याच डॉक्टरनं दिली नसती."

"म्हणजे हे झालंच नसतं." तिनं पोटावर हात ठेवला. अजून तिथे दिसण्यासारखं काही नाही.

"नसतं."

"मग बरं झालं फेकलीस," ती म्हणाली.

मला शिव्या हव्या होत्या. हात उगारला असता तरी चाललं असतं. मी तिला सगळं पुन्हा सांगितलं, शब्द सोपे करून: इस्ट्रोजेन आता चढतच जाणार, प्रत्येक आठवड्याला कात्री तेज होणार, जी भोकं पडतील ती मूल झाल्यावर भरणार नाहीत, दुसरं फुप्फुसही मिटू शकतं, झोपेत मिटू शकतं. पालक तक्रार घेऊन आले की ती तलावावर जशी ऐकते तशी ऐकत होती, मान हलवत, आणि काही न बदलता.

"किती लागतं गं एका बाईला फुप्फुस?" तिनं विचारलं.

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. अर्ध्यानं भागतं का?"

"कुणाचं भागतं, कुणाचं नाही. मला माहीत नाही, भिंगरी. खरंच माहीत नाही."

हे वाक्य मी तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग पांघरुणातून डावा हात बाहेर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला, तळवा वर, कोपर सरळ. बाही वर सरकवलेली.

"घे," ती म्हणाली. मध्ये थांबून श्वास घेतला. "आता भरपूर असेल ना तुझं ते इस्ट्रोजेन? दर आठवड्याला घे. बघ किती चढतं ते. आणि यावेळी फेकू नकोस."

माझ्याकडे सुई नव्हती, नळी नव्हती, बर्फ नव्हता. मी तिचा हात उचलून पांघरुणात घातला. तिनं तो पुन्हा बाहेर काढला.